तंबूची चेन

जितेंद्र सरांचा सकाळचा पहिला प्रश्न ठरलेला असे. नमस्कार नाही, चहा नाही, कशी आहेस नाही. हॉलचं दार ढकलून ते आत यायचे आणि विचारायचे, झोप झाली? आणि मयुरा रोज सांगायची, मस्त झाली, सर. यात खोटं काहीच नव्हतं. तिची झोप खरंच मस्त होत होती. ती कुठल्या हवेत होत होती एवढंच सरांनी विचारलेलं नव्हतं, आणि न विचारलेलं आपणहून सांगण्याचा मक्ता काही मयुराने घेतलेला नव्हता.

या हवेची गोष्ट आधी सांगायला हवी. नागपूर हे ताटासारखं सपाट गाव. इथे कुणाला चढ कुठे आहे विचारलं तर तो सेमिनरी हिल्सकडे बोट दाखवतो, आणि ती चढण चढून होईपर्यंत हातातली फुटाण्याची पुडीसुद्धा संपत नाही. लांब पल्ल्याचं धावणाऱ्यांना मात्र डोंगर लागतो. उंचावर हवा विरळ, त्यामुळे शरीर जास्त रक्त तयार करतं, आणि असा माणूस खाली येऊन धावला की त्याचा दम इतरांपेक्षा उशिरा संपतो. जितेंद्र सर स्वतः एकेकाळी राज्यासाठी धावलेले. दर वेळी पहाडातली पोरं त्यांच्या पुढे निघून जायची आणि सर घरी येऊन म्हणायचे, पाय माझेही तेवढेच आहेत, हवा त्यांची वेगळी आहे. हे दुःख त्यांनी पंचवीस वर्षं जपून ठेवलं होतं, आणि अखेर ते भैयाजींना सांगितलं.

भैयाजी म्हणजे नागपुरातल्या मानकापूरचे कूलरवाले. जन्मभर लोकांना थंड हवा विकून त्यांनी दुमजली दुकान उभं केलं होतं आणि आता त्यांना समाजासाठी काहीतरी करायचं होतं. समाजासाठी करायचं आणि त्यात पंखे, मोटर, नळ्या असं काही नाही, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं. त्यामुळे सरांनी जेव्हा सांगितलं की एक यंत्र असतं, ते हवेतला प्राणवायू कमी करून ती हवा पलंगावरच्या तंबूत सोडतं, आणि आत झोपणारा माणूस नागपुरात असूनही डोंगरावर झोपतो, तेव्हा भैयाजी खुर्चीतून उठून उभेच राहिले. दुकानावरच्या हॉलमध्ये दोन पलंग आले, दोन्हींवर पारदर्शक प्लास्टिकचे तंबू चढले, आणि मधोमध ते यंत्र बसलं. यंत्र एक, नळ्या दोन. तंबूत शिरायला एक लांबलचक चेन होती, आत गेलं की ती खालपर्यंत ओढून बंद करायची. उद्घाटनाला भैयाजींनी नारळ फोडला, यंत्राला कुंकू लावलं आणि स्वतःच्याच विनोदावर आधी स्वतः हसत म्हणाले, "पोरीहो, चेन लावा अन् चैन करा."

पोरी दोन. एक मयुरा, कोराडीची. तिचे वडील रुपराव तिथल्या वीज केंद्रात कामाला. दुसरी श्वेता, मौद्याजवळच्या खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. दोघी पाच हजार मीटर धावायच्या आणि दोघींच्या वेळा अशा की आज ही पुढे, उद्या ती. भैयाजींनी कबूल केलं होतं की उन्हाळ्यात दोघींपैकी एकीला आपण खऱ्या डोंगरावरच्या शिबिराला पाठवू. एकीलाच. मयुराला जाता आलं नसतं तर ती कोराडीला परत गेली असती, रडली असती आणि पुन्हा धावायला लागली असती. श्वेताचं तसं नव्हतं. तिच्या मोठ्या भावाने मौद्याला कापडाच्या दुकानात तिच्यासाठी काम पाहून ठेवलं होतं आणि या उन्हाळ्यापर्यंत काय ते कर, असं सांगून पाठवलं होतं. म्हणजे शिबिर नाही तर धावणंही नाही. हे मयुराला चांगलं ठाऊक होतं. पुढचं वाचताना ते ध्यानात असू द्यावं.

आता डोंगरावरच्या हवेचा एक मोठा तोटा आहे, तो म्हणजे तिथे झोप येत नाही. डोळा लागतो न लागतो तोच श्वास अडखळतो, छाती दचकते आणि माणूस टक्क जागा होतो. पुन्हा डोळा, पुन्हा दचका. धावणाऱ्याचं शरीर तर झोपेतच दुरुस्त होतं. दिवसा उसवलेलं रात्री शिवलं जातं. झोप नाही तर डोंगराचा उपयोग नाही, उलट माणूस झिजतच जातो. सरांना हे माहीत होतं, म्हणून त्यांनी एक बाटली मागवली. तिच्यात किटोन होतं. माणूस उपाशी राहिला की शरीर चरबी जाळून जे तयार करतं, तेच बाहेर तयार करून भरलेलं. परदेशातले सायकलवाले झोपायच्या आधी ते पितात, उंचावर त्याने झोप टिकते आणि थकवा लवकर निघतो असं काही जण म्हणतात, काही जण नाही म्हणतात, असं सरांनी वाचलं होतं. सरांनी त्यातल्या हो म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवला. बंदी असलेल्या औषधांत ते नाही, हेही त्यांनी नीट तपासलं होतं. माणूस प्रामाणिक होता, फक्त उतावळा होता.

रुपरावांच्या घरी मात्र किटोन हा शब्द शिवीसारखा होता. त्यांच्या थोरल्या भावाची साखर वाढली तेव्हा डॉक्टरने हाच शब्द उच्चारला होता. ते कोराडीहून तडक स्कूटर हाणत आले आणि सरांपुढे उभे राहिले. "माया भावाच्या लघवीत हे निंगालं तं त्याले दवाखान्यात भरती केलं, सलाइनवर सलाइन लावल्या. जे बाहेर काढाले एवढा खटाटोप, ते तुमी पोरीले पाजून राहिले?" सरांनी त्यांना बसवून, पाणी देऊन समजावलं की साखरेच्या रोग्याचं वेगळं, तिथे शरीराचा लगाम सुटलेला असतो, इथे निरोगी पोरींना मापून घोटभर द्यायचं आहे. रुपरावांची समजूत अर्धीच पटली. पण मुलगी डोंगरावर जाईल या आशेने उरलेली अर्धी त्यांनी गिळून टाकली.

पोरींना गिळायची होती ती बाटली त्याहून अवघड. नखांचा रंग पुसायचं औषध असतं ना, त्यात कुणी कडुनिंब वाटून घालावा तशी तिची चव. मयुरा नाक दाबून प्यायची आणि मग हॉलभर फेऱ्या मारत तोंड वेंगाडायची. श्वेता चेहऱ्यावरची रेषही न हलवता पिऊन टाकायची आणि पेला विसळून ठेवायची. पहिले काही दिवस दोघींनाही झोप आली नाही. सकाळी आरशापुढे उभ्या राहून दोघी एकमेकींच्या डोळ्यांखालची काळोखी बघायच्या आणि हसायच्या. त्या दिवसांत त्या खऱ्या मैत्रिणी होत्या.

मग एके रात्री मयुरा बाथरूमला जाऊन आली आणि तंबूत शिरल्यावर तिने चेन लावली नाही. जरा दम घेऊ, मग लावू, असं ती मनाशी म्हणाली. बाहेरची साधी, जाडजूड, नागपुरी हवा आत आली, छातीवरचा दगड कुणीतरी उचलल्यासारखं झालं, आणि डोळे उघडले तेव्हा सर दारात उभे होते. झोप झाली? मस्त झाली, सर. सरांनी बोटाला लावायचं यंत्र लावून तिचा प्राणवायू पाहिला, नाडी पाहिली, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की पंचवीस वर्षांचं दुःख तिथल्या तिथे पुसलं गेलं. "किटोन लागू पडलं," असं म्हणून त्यांनी तिथूनच भैयाजींना फोन लावला. भैयाजी पायऱ्या चढून पेढे घेऊन आले. आता अशा वेळी, सर, ते औषधाने नाही, चेन उघडी राहिली होती, असं कोण सांगणार? सांगणारे असतात. मयुराने पेढा तोंडात टाकला.

एकदा केलेली लबाडी एकदाच राहत नाही. दुसऱ्या दिवशी झोप आली नाही तर सर निराश होतील, म्हणून तिने पुन्हा चेन उघडली. तिसऱ्या दिवशी सवयीने उघडली. प्लास्टिकच्या दात्यांचा आवाज होऊ नये म्हणून ती वीतभरच, हळूहळू सरकवायची. शेजारच्या तंबूत श्वेता भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची, तेव्हा ती झोपली असेल असं मयुरा धरून चालायची, जरी श्वेता झोपत नाही हे सरांपासून भैयाजींपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. आणि नवल म्हणजे सकाळी सर यायच्या वेळी चेन खालपर्यंत नीट लावलेली असायची. पहाटे कधीतरी झोपेतच आपण ती लावतो, असं मयुराला वाटे. झोपेतसुद्धा आपण किती सावध, याचं तिला कौतुकही वाटे. माणसाचा स्वतःच्या हुशारीवर विश्वास बसला की त्याला दुसरं काही दिसत नाही.

पुढची गोष्ट मात्र लबाडीपाशी थांबणारी नव्हती. मयुराचं शरीर उंचीला जुळलं असं बघून सरांनी यंत्राचं बटण फिरवलं. आणखी वर जाऊ, म्हणाले. पुढच्या आठवड्यात आणखी थोडं फिरवलं. मयुरासाठी त्याने काही फरक पडणार नव्हता, ती आपली मानकापूरच्या हवेत घोरत होती. पण यंत्र एकच होतं. मयुराच्या खोट्या झोपेवर सर डोंगर वाढवत होते, आणि तो डोंगर चढत होती एकटी श्वेता.

ती झिजत गेली. तिच्या गालाची हाडं वर आली, जेवणावरची वासना गेली, सरावात ती शेवटच्या फेऱ्यांना मागे पडू लागली. धावून झाल्यावर ती गवतावर बसायची ती उठायचीच नाही. मयुराला हे दिसत होतं. दिसत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, कारण ती तिच्या शेजारीच बसायची. आज सांगू, असं ती रोज ठरवायची. आज सरांचा मूड चांगला आहे, कशाला बिघडवा. आज सरांचा मूड वाईट आहे, कशाला भर घाला. अशी तिची पंचाईत, आणि तिच्या पंचाईतीत दुसरीचा जीव चालला होता.

एकदा तर सर मैदानावर सगळ्यांदेखत श्वेतावर चिडले. चिडायचा त्यांचा स्वभाव नव्हता, म्हणून ते बोलणं जास्त लागलं. "औषध तेच, तंबू तोच, हवा तीच. मयुराले झोप येते, तुले काहून येत नाही? फरक कशात आहे मंग? मनात आहे, बेटा. मन लावून झोप." श्वेताने मान वर करून मयुराकडे पाहिलं. एकदाच. मग ती वाकून बुटाची नाडी बांधायला लागली, जी आधीच बांधलेली होती. मयुराला वाटलं, मैत्रिणीने आपली बाजू घ्यावी म्हणून ती बघते आहे. तिने बाजू घेतली नाही. 

निवडीची शर्यत मानकापूरच्याच मैदानावर झाली. सकाळचं ऊन अजून कोवळं होतं. मयुरा भरपूर झोपलेली, पाय हलके, ती पहिल्यापासून पुढे. श्वेता अर्ध्यापर्यंत तिच्या मागे चिकटून होती, मग सुटली, मग इतकी मागे राहिली की शेवटाआधी मयुराने तिला एका फेरीने गाठलं. शेजारून जाताना श्वेताच्या श्वासाचा आवाज तिच्या कानात शिरला. अडखळणारा, दचकणारा. तंबूतल्या पहिल्या रात्री तिचा स्वतःचा श्वास तसाच होता, तिने तो लगेच ओळखला. मयुराला त्या क्षणी थांबावंसं वाटलं. थांबली मात्र नाही. वेग वाढवून पुढे गेली, कारण तो आवाज ऐकवत नव्हता.

सर मग श्वेताला बाजूला घेऊन काहीतरी बोलले. ती मान हलवत होती. उंचीची हवा प्रत्येकाला मानवत नाही, तू वाईट वाटून घेऊ नको, असं काहीसं असणार. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मौद्याला परत जायचं ठरलं, आणि त्याच दिवशी सकाळी खाली दुकानामागच्या हॉलमध्ये मयुराचा सत्कार ठरला. भैयाजींनी धावायला येऊ पाहणाऱ्या नव्या पोरांच्या आईबापांनाही बोलावलं होतं. आणखी तंबू घ्यायचे होते, त्यांत त्यांच्या पोरांनाही झोपवायचं होतं, किटोनही द्यायचं होतं. मयुराला बघून त्यांनी ठरवावं, अशी योजना.

सकाळी खाली खुर्च्या लागत होत्या, तेव्हा वर श्वेता बॅग भरत होती. जुनी बॅग, तिची चेन मध्येच अडकली. मयुरा गुडघे टेकून बसली आणि चेनमध्ये आलेला कपड्याचा कोपरा सोडवायला लागली. काहीतरी बोलायला हवं म्हणून तिने विचारलं की बस कुठून आहे. श्वेताने सांगितलं, गणेशपेठवरून, भंडाऱ्याची. चेन सुटली, मयुराने ती ओढून बंद केली. तेव्हा श्वेता रोजच्या आवाजात, पेला कुठे ठेवलाय ते सांगावं तशी म्हणाली, "उद्यापासून तुया तंबूची चेन सकाळी तूच लावजो वं. सर यायच्या पयले. मी नाही राहीन."

मयुराचे हात बॅगेवरच राहिले. तिला आधी कळलंच नाही, आणि मग एकदम सगळं कळलं. झोपेतली आपली सावधगिरी, ती नीट लागलेली चेन, बांधलेलीच नाडी बांधणारी श्वेता. भीती तिला इतके दिवस होतीच, कुणी पकडेल याची. लाज अशी तिला आत्ता पहिल्यांदा वाटली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते काय, हे तिला बॅगेपुढे गुडघ्यांवर बसून कळलं. तिने वर न बघताच विचारलं, "काहून लावत होती तू?"

"पयल्या दिवशी वाटलं, इसरली असशील. सरायनं पाह्यलं तं बोलतील तुले. मंग रोजचंच झालं." श्वेताने टॉवेलची घडी केली. "मी तं जागीच राहत होती. म्हणलं, दोघी जागून काय फायदा, एकीची तं होऊ दे झोप." आणि मग किंचित हसून, पण टोमणा नव्हता तो, ती म्हणाली, "भैयाजी म्हणत होते ना, चेन लावा अन् चैन करा. मी लावली, तू केली."

खालून भैयाजींनी हाक मारली. मयुरा जिना उतरली तेव्हा तिचे पाय शर्यत हरलेल्याचे होते.

समोर आईबाप बसले होते, पहिल्या रांगेत रुपराव. आज त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, गळ्यात नवा दुपट्टा होता, आणि शेजारच्या माणसाला ते किटोन म्हणजे काय ते समजावून सांगत होते, साखरेच्या रोग्याचं वेगळं आणि निरोगी पोरींचं वेगळं. भैयाजींनी शाल पांघरली, श्रीफळ दिलं. सर कोपऱ्यात उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मयुराने बघितलं आणि नजर काढून घेतली. भैयाजींनी माईक तिच्या हातात दिला. "सांग बेटा, एवढी फर्स्ट क्लास झोप येते तुले, त्याचं गुपित काय?"

मयुरा म्हणाली, "मी चेन लावतच नव्हती."

हॉलमध्ये हशा पिकला. भैयाजी तर पोट धरून हसले. आपला विनोद पोरीने लक्षात ठेवला आणि बरोबर जागी वापरला, याचा त्यांना आनंद झाला. रुपरावही हसले. कबुली द्यायला एकदाच जीव गोळा केलेला असतो, तो असा हशात वाहून गेला. आता गप्प बसली असती तरी चाललं असतं. उलट सगळे खूश होते. तेवढ्यात हॉलच्या मागच्या दाराशी श्वेता बॅग खांद्याला लावून येऊन उभी राहिली. टाळ्या वाजवणाऱ्यांत तीही टाळ्या वाजवत होती.

"हसू नका," मयुरा म्हणाली. तिने माईक तोंडाजवळ धरला. "मी खरं सांगून राहिली. मी रोज तंबूची चेन उघडून झोपत होती. बाहेरच्या हवेत. किटोननं झोप येते का नाही, मले माहीत नाही. मी डोंगराच्या हवेत झोपलीच नाही. सर यंत्र वाढवत होते माया भरोशावर, अन् ते सारं श्वेतानं सोसलं."

 भैयाजींच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, ते कुठे ठेवावं हे त्यांना कळेना. रुपरावांनी मान खाली घातली आणि दुपट्टा गळ्यातून काढून मांडीवर ठेवला. शेजारच्या माणसाने त्यांच्याकडे बघितलं, ते त्यांनी न बघताही जाणलं असणार. मयुराला वाटलं होतं की खरं बोलल्यावर हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. शाल अंगावर होती आणि ती काढून ठेवायलाही हात उचलत नव्हता.

सर मागच्या दारापाशी गेले. सगळ्यांना ऐकू येत होतं, तरी ते हळूच बोलले. त्यांनी श्वेताला विचारलं, तुला हे माहीत होतं का. ती मान हलवून हाव म्हणाली. मग सांगितलं का नाहीस, असं त्यांनी विचारलं. श्वेताने बॅगेचा पट्टा नीट केला. मग म्हणाली, "तुमी मले रोज विचारत होते, झोप झाली का. मी रोज सांगत होती, नाही झाली. तेच तुमाले खरं वाटत नव्हतं, सर. हे कसं वाटलं असतं?"

 पंचवीस वर्षं सरांनी हवेला दोष दिला होता आणि या पोरीच्या वेळी मात्र मनाला दिला. त्यांनी तिच्यापुढे हात जोडले. पन्नाशीच्या माणसाने आपल्या विद्यार्थिनीपुढे जोडलेले हात बघवत नव्हते, आईबापांपैकी काही जण दुसरीकडे बघू लागले. ही निवड मी मानत नाही, यंत्र आजच बंद, दोघी आधी विश्रांती घ्या, मग शर्यत पुन्हा होईल, तू जाऊ नको, असं ते तिला म्हणाले. मयुरा तिथूनच म्हणाली की पुन्हा कशाला, तिलाच पाठवा. तिच्या या मोठेपणाकडे कुणी लक्ष दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

श्वेताने सगळं ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, राग नव्हता. डोळे तांबारलेले होते आणि पापण्या जड. "सर," ती म्हणाली, "पयले मले घरी जाऊन झोपू द्या. मंग सांगीन."

मयुरा माईक हातात घेऊन तशीच उभी होती. रुपराव उठून तिच्यापाशी आले. तिला वाटलं आता ते चारचौघांत बोलतील, बोलले असते तर बरंही वाटलं असतं. पण त्यांनी तिच्या अंगावरची शाल काढली, घडी करून खुर्चीवर ठेवली आणि एवढंच म्हणाले, "जाय. त्या पोरीची बॅग उचल."

ऑटोत दोघी शेजारी बसल्या. बॅग मयुराच्या मांडीवर होती. सदर ओलांडलं, बर्डीच्या चौकात ऑटो खोळंबला, शेजारच्या गाडीवर कुणीतरी रसाचे ग्लास विसळत होतं, आणि मयुरा मनात वाक्यं जुळवत होती. मले माफ कर, हे फार छोटं होतं. मी तुया भावाशी बोलते, हे फार मोठं होतं, तो कोण आणि ती कोण. गणेशपेठला पोचेपर्यंत तिला एकही वाक्य सापडलं नाही.

भंडाऱ्याची बस फलाटाला लागलेलीच होती. श्वेताला खिडकीची जागा मिळाली. मयुराने बॅग वर चढवली, खाली उतरली आणि गर्दीतून वाट काढत त्या खिडकीखाली आली. आता बोलायचंच, जसं येईल तसं, असं ठरवून तिने मान वर केली.

श्वेता झोपली होती. डोकं खिडकीच्या दांडीला टेकलेलं, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल पडलेले. खाली शेंगदाणेवाला ओरडत होता, शेजारच्या फलाटावरची बस हॉर्न वाजवत मागे येत होती, मागच्या सीटवर कुणाचं तरी मूल रडत होतं. तिला काही ऐकू येत नव्हतं. श्वास अगदी सरळ, एका लयीत, कुठेही न अडखळता चालला होता. मयुरा कितीतरी वेळ त्या श्वासाकडे बघत उभी राहिली. माफी मागायची तर तिला उठवावं लागलं असतं.

कंडक्टर बसमध्ये चढता चढता थांबला. त्याने मयुराचा चेहरा पाहिला, वर खिडकीकडे पाहिलं आणि विचारलं, पोरीला काही सांगायचं आहे का, उठवू का.

"नको, भाऊ," मयुरा म्हणाली. "मौदा आलं की उठवजा."

त्याने मान हलवली आणि घंटी मारली. बस फलाटावरून निघाली तरी श्वेता जागी झाली नाही.